घुशीच्या तोंडची बोली

कार्टूनचे मराठी संवाद लिहिणं हे माझं काम. कुणाला सांगितलं की आधी हसतात, मग विचारतात, कार्टूनला लिहावं काय लागतं? बाबांनीही विचारलं होतं. तेव्हा मी भिवंडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात हेडफोन लावून एका वाक्याशी तासभर झटत होते. चित्रातल्या प्राण्याचं तोंड चार वेळा उघडत होतं आणि माझं वाक्य काही केल्या सहा शब्दांच्या खाली येत नव्हतं. बाबांना मी तेच दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तिकिटासारखंच आहे. अंतर तेवढंच, पैसे तेवढेच, आपण फक्त नीट फाडायचं." बाबांनी सगळी नोकरी लाल बसवर कंडक्टर म्हणून काढली. भिवंडी, अंबाडी, वाडा, नाहीतर वज्रेश्वरी. निवृत्त झाल्यावरही रस्त्यात लोक त्यांना बसमधल्यासारखं मास्तर म्हणूनच हाक मारतात.

ज्या मालिकेबद्दल सांगते आहे ती परदेशी होती, सुपरहिरोंची टिंगल करणारी. तिचा नायक उडायचा झकास, पण उतरताना दर वेळी कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांत अडकायचा. एवढं इथल्या मुलांना कळलं असतं. पण निम्मे विनोद तिथल्या गाण्यांवर, तिथल्या जाहिरातींवर, तिथल्या टीव्हीवरच्या माणसांवर होते. मला काम देणाऱ्या मुंबईच्या बाईंनी फोनवर सांगितलं, "तिथलं काढा, इथलं घाला. मुलं हसली पाहिजेत, बाकी मी सांभाळते."

मग मी सुटलेच. हरवलेल्या मांजराची बातमी मी आपल्याकडच्या निवेदकासारखी ओरडून द्यायला लावली. नायक स्वतःची ओळख करून द्यायचा तिथे त्याला गाण्याच्या स्पर्धेतल्या मुलासारखी आपल्या गरिबीची कहाणी सांगायला लावली. मागे बासरी. नायकाची आई काही ऐकून दचकली की तीन वेळा "नाही" म्हणायची, कारण संध्याकाळच्या मालिकांत चेहरा तीन वेळा दाखवतात. हे लिहिताना मी एकटीच खोलीत हसायचे. इतकं सुख मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळालं नव्हतं.

खलनायक होती एक प्रचंड घूस. शहराखालची जमीन पोखरायची आणि वर येऊन म्हणायचं, ही आता माझी, असा तिचा धंदा. गळ्यात जाड साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा. बोलण्याआधी ती चष्मा काढायची, रुमालाने सावकाश पुसायची, परत लावायची आणि मग बोलायची. हे सगळं मूळ चित्रातच होतं. मला फक्त तिच्या तोंडी शब्द घालायचे होते.

आमच्या भागात एक शेठ होते. अंबाडीच्या रस्त्याला त्यांची गोदामं होती, एकाला लागून एक. बापजाद्यांची भाताची शेती होती, तिथे गोदामं उभी राहिली, मग त्यांनी शेजारची जमीन घेतली, मग तिच्या शेजारची. चौकाचौकांत त्यांचे बॅनर असायचे. सभेत, लग्नात, कुठेही बोलायला उभे राहिले की आधी चष्मा काढून पुसायचे. आणि शेवट ठरलेला, "आपन बोललो म्हंजे झाला."

मी ते वाक्य घुशीच्या तोंडी घातलं. सहज सुचलं, नकळत झालं, असं म्हणण्यात अर्थ नाही. मी ते जाणूनबुजून घातलं. एवढंच नाही, घुशीला आवाज देणाऱ्या नटाला मी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यात शेठची नक्कल करून दाखवली होती आणि म्हटलं होतं, "आमच्याकडे एक शेठ आहेत, अगदी अस्सं बोलायचं." नट मुंबईचा, वयस्कर, नाटकांतून आलेला. त्याने ते हुबेहूब उचललं.

भाग शनिवारी सकाळी लागला. बाबा आणि मी चहा घेत एकत्र पाहिला. घूस बोलली तेव्हा बाबा हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "हे तू लिहिलंस?" मी हो म्हटलं.

दोन दिवसांत ती वीस सेकंदं कुणीतरी कापून घेतली. शेजारी शेठचा चष्मा पुसतानाचा खरा व्हिडिओ जोडला आणि मोबाइलवर सोडून दिला. माझ्याकडे तो तीन ग्रुपवरून आला. भाजी घेताना ऐकू आला, रिक्षात ऐकू आला. यंत्रमागावरची माणसं शिफ्ट सुटल्यावर एकमेकांना हिंदीत म्हणायला लागली, "अपुन बोला मतलब हो गया." पहिले दोन दिवस मला आतून गुदगुल्या होत होत्या. मालिकेच्या शेवटी नावं इतकी भर्रकन जातात की माझं नाव कुणी वाचलं असण्याची शक्यता नव्हती.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की नाव वाचायची गरजच नव्हती. बाबांनी आजवर निम्म्या शहराला सांगून ठेवलं होतं की माझी मुलगी टीव्हीवरच्या कार्टूनचं मराठी लिहिते.

गल्लीच्या तोंडाशी पानाचं दुकान आहे. तिथल्या बाई मला हळूच म्हणाल्या, "सकाळी एक माणूस आलावता. सुपारी घेतली न विचारला, कंडक्टरची पोरगी कुठं र्‍हाते, टीव्हीत लिवते ती."

"तुम्ही काय सांगितलं?"

"घर दाखवला. का, न्हाय दाखवाचा होता?"

मी म्हटलं, नाही, बरं केलं. पण घरापर्यंतचं अंतर मी दोनदा मागे वळून पाहत चालले. दुपारी खिडकीतून पाहिलं तर गल्लीच्या टोकाला एक पांढरी गाडी उभी होती. संध्याकाळी नव्हती. दुसऱ्या दिवशी परत होती.

शेठनी कुणाला मारलं, कुणाचं काही जाळलं, असं मी कधी पाहिलेलं नाही. पाहिलेला माणूसही मला भेटलेला नाही. पण एका गोदामाच्या फाटकासमोर चहाची गाडी लावणारा एक जण होता. तो येणाऱ्याजाणाऱ्याला शेठबद्दल काहीबाही बोलायचा, मोठ्याने. एके दिवशी गाडी तिथे नव्हती. पुन्हा कधी दिसली नाही. तो गावी गेला असेल, आजारी पडला असेल. कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात मला तो सारखा आठवत होता आणि त्याचा चेहरा काही केल्या आठवत नव्हता.

मी लॅपटॉप उघडला आणि त्या भागाचे सगळे जुने मसुदे पुसून टाकले. एका मसुद्यात समासात लिहिलेलं होतं, "शेठसारखं." मग नटाला फोन केला.

"मी तुम्हाला आवाज पाठवला होता, तो काढून टाका."

तो हसला. "का हो? मी तर चार मित्रांना ऐकवला. तुमचीच नक्कल जास्त चांगली आहे."

"कुणाला ऐकवला?"

माझा आवाज ऐकून त्याचं हसणं थांबलं. "ऐकवला फक्त. पाठवला नाही. बहुतेक नाही. थांबा, बघतो." तो बराच वेळ बघत होता. मी फोन कानाला लावून उभी होते. शेवटी म्हणाला, "एकाला गेलाय. त्याला सांगतो काढायला." तो एक कोण, कुठला, आणि त्याने पुढे कुणाला पाठवला, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

शुक्रवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. माणूस अगदी सभ्यपणे बोलत होता. "ताई, शेठनी भेटाला बोलावलंय. उद्या अकराला, हापिसात. मास्तरांना आनलात तरी चालंल."

मी बाबांना सांगितलं. म्हटलं, तुम्ही नका येऊ. त्यांनी नुसतं विचारलं, "अकरा म्हणजे अकराच ना?" आणि कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला.

शेठचं ऑफिस एका गोदामावर, पहिल्या मजल्यावर होतं. खाली ट्रकमधून खोकी उतरत होती आणि त्यांचा धप्पधप्प आवाज जमिनीतून वर येत होता. आम्हाला सोफ्यावर बसवलं. पाणी आलं, चहा आला. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता, बंद. त्याच्या काळ्या काचेत आम्ही दोघं दिसत होतो, बाबा ताठ, मी आखडलेली. शेठकडे माझा तो आवाज पोचला असेल तर ते या टीव्हीला जोडूनच ऐकवतील, असं माझ्या मनात बसलं. बाबांसमोर. मी पंख्याखाली बसून घामाने भिजले.

बाराला शेठ आले. बाबा उभे राहिले, मी उभी राहिले. त्यांनी हाताने बसा म्हटलं, स्वतः बसले आणि चष्मा काढला. खिशातून रुमाल घेतला. पुसायला लागले.

तेव्हा जे झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते. मला हसू यायला लागलं. भीती वाटत होती आणि तिच्या खालून हसू वर येत होतं, उचकीसारखं. घूस जशी पुसते तसंच, आधी डावी काच, मग उजवी, मग उजेडात धरून बघणं. मी जीभ दातांत धरली, रक्ताची चव येईपर्यंत. हसले तर संपलं, एवढंच कळत होतं.

शेठनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि तो व्हिडिओ लावला. घूस बोलली. मग शेजारच्या चौकटीत ते स्वतः बोलले. खोलीत त्यांची तीन-चार माणसं उभी होती. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"हा मीच ना?" शेठनी विचारलं.

मी म्हटलं, "चित्र परदेशातलं आहे, शेठ. चष्मा, साखळी, सगळं मुळातच आहे. ती लोकं तुम्हाला ओळखतही नाहीत."

"चित्राचा ठीक हाय. बोली कुटची? तीबी तिकडचीच काय?"

खाली खोकी आपटत होती. मग बाबा बोलले.

"बोली आपल्या भागातली आहे, शेठ. माझ्याही घरात तीच होती. तिने आपल्या मुलखाची भाषा घातली, एवढंच. तिच्या मनात तुम्ही नव्हता. मी सांगतो ना."

मी बाबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळं चेहऱ्यावर आलं असतं. बाबांना खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता म्हणून ते बोलले, आणि मी गप्प राहून त्यांचा तो शब्द खोटा पाडत होते. उठून खरं सांगावं असं एक क्षण वाटलं. फक्त वाटलं.

शेठ बाबांकडे वळले. "मास्तर, तुमी मना एकदा बशीतून उतरवलवता. आठवतं?"



"आठवतं," बाबा म्हणाले. "शेलारच्या थांब्यावर. तुम्ही शाळेत होता. पास नव्हता."

"बाजूवाला बोलला, आसू दे, पोर हाय. तुमी बोलले, पास न्हाय तर न्हाय."

"नव्हताच ना."

"नव्हता." शेठनी चष्मा लावला. त्यामागचे डोळे आता दिसत नव्हते. त्यांनी टेबलावर बोटं वाजवली, एका माणसाकडे पाहिलं, परत बाबांकडे पाहिलं. "तुमी खोटा बोलनारा मानूस न्हाय. तुमी बोलले म्हंजे झाला."

त्यांनाही आपलं ते ठरलेलं वाक्य ऐकू गेलं असावं, कारण ते थांबले. मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "जावा."

आम्ही दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला. "पोरी."

मी वळले.

"तो शेवटी मरतो का?"

"अजून पुढचे भाग आले नाहीत, शेठ. मला माहीत नाही."

"आले की सांग."

खाली रस्त्यावर बाबांनी रिक्षाला हात केला नाही. आम्ही उन्हातून चालत निघालो, ट्रकच्या धुळीतून. बाबांचा हात शर्टाच्या खिशाशी चाळा करत होता, जसा पूर्वी तिकिटांच्या पेटीशी करायचा. बरंच अंतर गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, ते मी मुद्दाम लिहिलं होतं. शेठनाच समोर ठेवून."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"शनिवारी चहा पीत होतो तेव्हापासून. इतकी वर्षं त्यांची भाषणं ऐकतोय, मला कळणार नाही?"

"मग तुम्ही आत तसं का बोललात?"

बाबा थांबले. कपाळावरचा घाम पुसला. म्हणाले, "घाबरलो होतो गं. खरं बोललो असतो तर तुझं काय झालं असतं, मला माहीत नाही. काही झालंही नसतं कदाचित. पण मला माहीत नव्हतं." पुढे म्हणाले, "तो माणूस माझ्याकडे बघून बोलला की मी खोटं बोलत नाही. तेव्हा माझे पाय थरथरत होते. तुला दिसलं नाही?"

मला दिसलं नव्हतं. सोफ्यातून जाणवत होती ती थरथर माझीच आहे, असं मला वाटत होतं.

पुढचे भाग महिन्याभराने आले. मी काम देणाऱ्या बाईंना विनवलं की घुशीची बोली बदलू द्या, प्रमाण मराठी करू द्या. त्या म्हणाल्या, वेड लागलंय का, मुलं त्या घुशीसाठीच बघताहेत. काम सोडावं असंही मनात आलं. पण मी सोडलं आणि दुसऱ्या कुणी आणखी पुढे जाऊन लिहिलं, तरी शेठ ते माझंच समजले असते. मग मीच लिहीत राहिले. शेठचं ते वाक्य काढलं, त्यांचे हेल काढले, दुसऱ्या गावच्या दोन लकबी घातल्या. प्रत्येक ओळ मी शेठच्या कानांनी ऐकत होते. तोंड चार वेळा उघडायचं आणि मी त्यात कमीत कमी धोक्याचे चार शब्द बसवायचे. एकदाही हसू आलं नाही.

शेवटच्या भागात घूस मरत नव्हती. त्याहून वाईट होतं. ते टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेचं विडंबन होतं. नायक परीक्षक, सगळं शहर प्रेक्षक, आणि घुशीला मंचावर नाचायला लावलेलं. तिचा चष्मा पडतो, ती चाचपडत शोधते आणि लोक हसतात. मूळ संवाद त्या हसण्याला आणखी धार लावणारे होते. मी ते बोथट केले. चित्र मात्र माझ्या हातात नव्हतं.

आले की सांग, असं शेठनी म्हटलं होतं. मी दोन दिवस फोन हातात घेऊन बसत होते. शेवटी त्या सभ्य आवाजाच्या माणसाला सांगितलं, "शेठना सांगा, मरत नाही."

"मरत न्हाय," त्याने पक्कं करून घेतलं. "आनखी काय सांगू?"

"एवढंच."

नाचाचं मी सांगितलं नाही. तो भाग लागला त्या शनिवारी बाबा आणि मी टीव्ही लावलाच नाही. दार लावून बसलो. शेजारच्या घरातून लहान मुलांच्या हसण्याचा आवाज भिंतीतून येत होता, आणि घूस नाचते आहे हे आम्हाला त्यावरून कळत होतं. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, पण पान उलटत नव्हते.

त्यानंतर काही झालं नाही. फोन आला नाही, गाडी आली नाही. शेठनी तो भाग पाहिला की नाही, पाहून हसले की नाही, हेही कळलं नाही. नटाच्या त्या मित्राने माझा आवाज काढून टाकला की अजून कुठे पडून आहे, तेही नाही. लोकांना दुसरा व्हिडिओ मिळाला आणि ते तो पाहायला लागले. काही झालं नाही म्हणून भीती निघून जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. तिला कुठे उतरायचं तेच कळेना.

सध्या मी दुसऱ्या एका मालिकेचं लिहिते. बोलणाऱ्या भाज्यांची आहे. लिहून झालं की संध्याकाळी बाबांना वाचून दाखवते. ते डोळे मिटून ऐकतात. वांग्याच्या एका संवादाला परवा त्यांनी हात वर केला. "हे काढ," म्हणाले.

त्यात मला काहीच दिसत नव्हतं. मी तीनदा वाचलं, तरी कोण दुखावेल ते कळलं नाही. विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. पेन्सिलने ओळ खोडली आणि पुढचं वाचायला घेतलं.